बारा वाजताची खिडकी

"जात्याच्या घरघरीत साद घालिते तुला बाई,
लांब गेलीया लेक माझी, तिला ऐकू येत न्हाई."

आईचा हा सूर चंद्राबाईंच्या कानात अजून जसाच्या तसा होता. पाटणच्या वर, डोंगराच्या कुशीला चिकटलेलं त्यांचं गाव. तांबडं फुटायच्या वेळी आई जात्यावर बसायची आणि लेक कळशी घेऊन ओढ्यावर जायची. ओवी दारातून निघायची, कुंपणावरून उडी मारायची आणि बांधाबांधानं चालत ओढ्यापर्यंत यायची. लेकीला सगळं ऐकू यायचं, पण ती ओ द्यायची नाही. ओ दिली की आई गाणं थांबवून काम सांगायची. म्हणून लेक दगडावर बसून, पाय पाण्यात सोडून ऐकत राहायची, न ऐकल्यासारखी.

आता वयाच्या अडतिसाव्या वर्षी ती लबाडी खरी झाली होती. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईचं ऐकू यायचं, आणि हाताच्या अंतरावरचं माणूस नुसतेच ओठ हलवताना दिसायचं.

सांगलीत सिस्टरांच्या मुलींच्या हायस्कुलात चंद्राबाई मराठी शिकवायच्या. मालक बासष्टच्या लढाईत गेले. त्यानंतर दिराच्या दारात भाकरी थापत बसण्यापेक्षा त्यांनी पुस्तकं हातात धरली, बी. ए., बी. एड. केलं आणि या शाळेत आल्या. सहा वर्षांपूर्वी त्यांना विषमज्वर झाला. ताप उतरला तो जाताना कान घेऊनच गेला. उजवा पार बंद, डाव्यात नुसती धुगधुगी.

ही गोष्ट त्यांनी पदराखाली निखारा धरावा तशी धरून ठेवली होती. मुलगी उत्तर द्यायला उठली की तिनं टेबलाजवळ यायचं, बाईंकडं तोंड करायचं आणि एकेक अक्षर सुटं करून बोलायचं. "ओठ हलू देत गं, ओठांनी काय उपास धरलाय?" असं त्या म्हणायच्या. पोरी हसायच्या आणि तोंड उघडून बोलायच्या. होता होता असं झालं की चंद्राबाईंच्या वर्गाची वाणी साऱ्या सांगलीत नावाजली गेली. वक्तृत्वाची ढाल तीन वर्षं त्यांच्याच कपाटात होती. त्यामागचं खरं कारण फक्त एका माणसाला ठाऊक होतं. शाळेच्याच चौकापलीकडं पाचवीला शिकवणाऱ्या गुणमालाला.

सगळं निभत होतं, अडायचं ते एका घंटेपाशी.

रोज दुपारी बाराला धुळा शिपाई चॅपेलची दोरी ओढायचा. तीनदा तीन टोले. पहिल्या टोल्याला वर्गातल्या बाईंनी हातातलं काम टाकून हात जोडायचे, मग मुलींनी उठायचं. बाईंच्या आधी कुणी उठायचं नाही, हा शाळेचा जुना शिरस्ता. चॅपेलमध्ये सिस्टर देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणायच्या. इकडं मराठ्यांच्या, जैनांच्या, ख्रिश्चनांच्या साऱ्या पोरी डोळे मिटून उभ्या. दोन मिनिटं शाळा अशी गप्प व्हायची की स्वयंपाकघरात वरणाला आलेली उकळीसुद्धा कानावर यायची. चंद्राबाईंना ती उकळी आठवणीतून ऐकू यायची.

घड्याळावर भागलं नसतं, कारण धुळाचे बारा हे धुळाचे होते, कधी पाच मिनिटं अलीकडं, कधी पलीकडं. "आवं बाई, काटा माणसाचा, टोला देवाचा," असं तो वर तोंड करून सांगायचा. त्यावर गुणमालानं तोड काढली होती. पहिला टोला पडला की ती आपल्या वर्गाच्या खिडकीचा हिरवा पल्ला लावून घ्यायची. पावणेबारापासून चंद्राबाई शिकवता शिकवता चौकापलीकडं बघत राहायच्या. पल्ला हलला की हात जोडायच्या. सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. गुणमाला जैनांची, कांदा-लसूण न खाणारी. तिला आपल्या डब्यातलं चालावं म्हणून चंद्राबाईंनीही शाळेच्या डब्यात कांदा घालणं सोडलं होतं. दोघींचं असं जुळलेलं.

तो चौऱ्याहत्तरचा जून. शाळा उघडली आणि पहिल्या दिवशी रीतीप्रमाणं मुलींनी घरून आणलेली फुलं मरियेच्या पुतळ्यापुढं ठेवली. कुणाची मोगऱ्याची ओंजळ, कुणाची अबोली, तर कवलापूरच्या मनूनं चक्क उसाचं वाढं आणलं. "फुलं न्हवती घरी, बाई," असं ती म्हणाली, आणि नव्या मदर कॉन्सेप्ता हसून म्हणाल्या, "ठेव बाळा, तिला गोड आवडतं." मदर गोव्याच्या. त्यांचं मराठी कोकणीच्या लयीत झुलायचं आणि ओठ फारसे हलायचे नाहीत. चंद्राबाईंना त्यांची पहिल्या दिवसापासून धास्ती वाटत होती.

पण त्या वर्षी धास्तीपेक्षा आनंद मोठा होता. आठवीला घेतलेला वर्ग त्याच बाईंनी पुढं न्यायचा, ही शाळेची पद्धत. चंद्राबाईंचा वर्ग आता दहावीत आला होता. तोही नव्या पद्धतीच्या पहिल्या दहावीत. अकरावीची मॅट्रिक मागं पडली होती आणि या पोरी पहिल्याच बोर्डाला बसणार होत्या. हात धरून डोंगर चढवावा तसा त्यांनी दोन वर्षं हा वर्ग चढवला होता. आता माथा दिसत होता. पोटची लेक नव्हती, पण या एकेचाळीस जणी होत्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी ओव्यांचा धडा घेतला. बाराला दहा कमी असताना खिडकीकडं नजर टाकली. हिरवा पल्ला सताड उघडा होता. पाच कमी, पल्ला उघडाच. बारा वाजून गेले. धुळाला आज उशीर दिसतोय, असं त्यांच्या मनात आलं. गुणमालावर भरवसा इतका की शंकेला मनात पाट मांडायलासुद्धा जागा नव्हती. त्या फळ्याकडं वळल्या आणि आईची ओवी लिहू लागल्या. लिहिता लिहिता गळ्यातून सूर निघाला. पोरींना तो नेहमी आवडायचा.

"जात्याच्या घरघरीत साद घालिते तुला बाई…"

पहिली ओळ पुरी करून त्या वळल्या. पोरी बाकावर अर्धवट उठलेल्या, अर्धवट बसलेल्या, एकमेकींकडं बघत होत्या. पहिल्या बाकावरच्या मनूच्या डोळ्यांत पाणी होतं. दारात मदर कॉन्सेप्ता हात जोडून उभ्या होत्या. व्हरांड्यापलीकडं साऱ्या शाळेच्या मुली माना खाली घालून उभ्या, आणि त्या शांततेत इतका वेळ एकच आवाज चालला होता. चंद्राबाईंचा.

चौकापलीकडच्या खिडकीत गुणमाला उभी होती. तिचेही हात जोडलेले. पल्ला उघडा.

ऑफिसात मदरनी खुर्ची पुढं ओढून दिली. चंद्राबाईंनी वाटेतच उत्तर जुळवलं होतं. "गाण्यात तंद्री लागली, मदर. माझं चुकलं."

मदरनी एक कोरा कागद घेतला, त्यावर सावकाश काहीतरी लिहिलं आणि त्यांच्यापुढं सरकवला. अक्षर वळणदार होतं. 'गुणमालाबाईंनी मला गेल्या सोमवारीच सांगितलं.'

चंद्राबाईंनी तो कागद दोनदा वाचला. बोललेलं पुन्हा विचारून घेता येतं, कदाचित वेगळंच निघतं. लिहिलेल्याचं काही करता येत नाही.

मदर वाईट नव्हत्या. त्यांनी पुढं लिहिलं, की दहावीचं वर्ष आहे, पालक येतील, बोर्डाच्या सूचना असतील, तुम्हाला जड जाईल. दहावी गुणमालाबाईंकडं देऊ. तुम्ही ग्रंथालय आणि पाचवी बघा. मुलींना तब्येतीचं कारण सांगू. 'तुमची गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही.' यावर चंद्राबाईंनी मान हलवली. झाकलेलं झाकलेलंच राहणार, याचं त्या घटकेला त्यांना बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्यांना शिसारी आली.

शाळा सुटल्यावर त्या चौक ओलांडून पाचवीच्या वर्गात गेल्या. गुणमाला फळा पुसत होती.

"पल्ला लावला न्हाईस आज," चंद्राबाई म्हणाल्या.

गुणमाला वळली. तिनं त्यांच्याकडं नीट तोंड केलं आणि वर्गातल्या पोरी बोलायच्या तसं एकेक अक्षर सुटं करून बोलली. "न्हाई लावला."

सहा वर्षांत ती त्यांच्याशी अशी कधी बोलली नव्हती. चंद्राबाईंना वर्मी लागलं ते हेच आधी.

"विसरलीस?"

"विसरले असते तर दोघींनाही बरं झालं असतं."

"मदरना सांगून झालं होतं ना तुझं? तेवढ्यानं भागत न्हवतं? वर सगळ्या शाळेपुढं…"

"त्यांना खरंच वाटेना. एवढं स्वच्छ बोलायला शिकवणारी बाई आणि बहिरी? मी जळते म्हणून सांगते, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग दाखवावं लागलं."

दाखवावं लागलं. बाजारात हळदीचं पोतं फोडून मूठभर दाखवावी, तसं.

"सहा वर्षं मी डब्यात कांदा घातला न्हाई गं, तुझ्यापायी," चंद्राबाई म्हणाल्या. म्हणताना त्यांनाच कळलं की हे फार लहान आहे, पण हाताला तेवढंच लागलं.

गुणमाला हसली, पण ते हसू काही हसण्यासारखं नव्हतं. "आणि मी सहा वर्षं पाचवी सोडली न्हाई. मराठीत एम. ए. केलेली बाई पाचवीच्या वह्यांवर काना-मात्रा देत बसते. का? तर याच खोलीतनं तुझी खिडकी दिसते. दर जूनला जुन्या मदर विचारायच्या, वरचे वर्ग घेता का? दर जूनला मी नको म्हणायचे. बाराला मी कधी चहाला गेले न्हाई, कधी आजारी पडले न्हाई. तू एकदा तरी विचारलंस, गुणे, तू गं का खालीच?"

चंद्राबाईंची नजर खिडकीकडं गेली. खरंच विचारलं नव्हतं.

"मागायची होतीस दहावी," शेवटी त्या म्हणाल्या.

"दिली असतीस?"

याचंही उत्तर दोघींना ठाऊक होतं. गुणमालानं डस्टर खिडकीवर आपटलं. खडूची भुकटी उडाली आणि उन्हात हळूहळू खाली बसली. चंद्राबाईंना वाटलं होतं की कारण कळलं म्हणजे दुखणं थोडं कमी होईल. पण ते कमी झालं नाही, उलट दुखायला आणखी एक जागा मिळाली. दारातून बाहेर पडताना त्यांनी तो हिरवा पल्ला हातानं ओढून लावला. कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला दोघी दहावीच्या वर्गात उभ्या राहिल्या. गुणमालानं ठरल्याप्रमाणं सांगितलं. बाईंची तब्येत बरी नसते, आजपासून हा वर्ग माझ्याकडं. चंद्राबाई तिच्या ओठांवरून एकेक शब्द वाचत होत्या. खोटं अगदी सफाईनं चाललं होतं, आणि ते आपल्याच भल्याचं होतं. आता खाली मान घालून निघून जायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात मनू उठली. टेबलापाशी आली नाही. जागेवरच, मान खाली घालून भराभर बोलू लागली. वेणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मागच्या बाकांवर दोघीतिघी डोळे पुसत होत्या. चंद्राबाईंना काहीच कळेना. सवयीनं, अगदी सवयीनं, त्यांनी गुणमालाकडं पाहिलं.

गुणमालानं आधी मनूचं पुरतं ऐकून घेतलं. मग त्यांच्याकडं वळून हलकेच, अक्षरं न तोडता, नेहमीसारखं, तिनं मनूचं बोलणं जसंच्या तसं पोचवलं. "ती म्हणतीया, काल परार्थनेला आमी उठलो न्हाई, म्हणून मदरनी तुमास्नी काढलं व्हय? चूक आमची हाय. आमी मदरच्या पाया पडतो. आमी रात्रभर झोपलो न्हाई, बाई."

चंद्राबाईंनी वर्गाकडं पाहिलं. एकेचाळीस तोंडं, आणि प्रत्येकीनं काल रात्री तो गुन्हा स्वतःच्या पदरात घेतला होता. तब्येत म्हणून सांगितलेलं एकीलाही पटलं नव्हतं. बाईंनी निमूट निघून जावं, तर हे ओझं या पोरी बोर्डाच्या परीक्षेपर्यंत, कदाचित सासरपर्यंत वाहून नेतील. जी गोष्ट उघडी करून गुणमालानं आपल्याला विकलं, तीच गोष्ट झाकण्यासाठी आता आपण यांना विकायला निघालो आहोत.

त्यांनी गुणमालाला हातानंच थोडं बाजूला सारलं आणि त्या टेबलापुढं आल्या. फळ्यावर काल लिहिलेली ओवीची एक ओळ कुणी पुसली नव्हती. वर्गात त्यांनी आजवर गावाकडची बोली कधी तोंडात येऊ दिली नव्हती. आता दुसरी कुठली सापडेना.

"उठू नगा, बसा," त्या म्हणाल्या. "चूक तुमची न्हाई पोरींनो. घंटा माझ्यापत्तोर आलीच न्हाई. सहा वरसं झाली. मला ऐकू येत न्हाई."