आसरांनी ठेवून घेतलेला नारळ

नारळ पाण्यात पडला, एकदा वर आला, डुचमळला आणि बुडाला.

"घेतला! आयांनी घेतला!" काठावरच्या दीडशे माणसांनी हात जोडले. जिचा नारळ होता ती बाई तिथंच मातीत लोळली.

श्यामकांत मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाण्यावर तरंगसुद्धा उरला नव्हता.

मालाडच्या पूर्वेला टेकडी फोडून कुणी दगड नेला, खड्डा तेवढा मागे ठेवला. त्यात पाणी साचलं आणि साती आसरा, पाण्यातल्या सात देवता, राहायला आल्या. मुंबईत माणसाला खोली मिळत नाही. या सात जणींना ऐसपैस जागा मिळाली होती, तीही चोवीस तास पाण्यासकट. तीन बाजूंनी काळा कातळ सरळ पाण्यात उतरलेला. वर्षभरात तिघे त्यात गेले होते. भर बाराला बाया केस धुतात, बांगड्या वाजतात, ज्याला त्या ऐकू येतात तो आपोआप पाण्याकडे चालू लागतो, असं लोक सांगत. काठापासून दोन पावलांवर कातळ तुटतो आणि एकदम चाळीस फूट खोली लागते, हे मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं. मुलांनी ते वहीत नीट उतरवून घेतलं आणि घरी जाऊन आपापल्या आईला बांगड्यांची गोष्ट सांगितली.

आज मास्तर आले होते शेजारच्या नंदासाठी. नऊ वर्षांची पोर, टायफॉइड झालेला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पाचव्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी तिचा बाप गुणाजी, देणं राहायला नको म्हणून इथं येऊन भगताच्या टोपलीतला नारळ सोडून गेला. तो नारळ तरंगला. धोंडू भगताने निदान केलं: बाया कोपल्या आहेत, डॉक्टरचं औषध पोटात आहे तोवर त्या पोरीला शिवायच्या नाहीत. गोळ्या बंद झाल्या. तीन दिवसांत ताप दुप्पट जोराने परतला. आता अवसेच्या दुपारी पोरीला तळ्यात तीन बुडक्या द्यायच्या होत्या.

नंदा बापाच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. ओठ फुटलेले, डोळे अर्धे उघडे आणि कुणालाच न बघणारे.

"गुणाजी, हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात ने," मास्तर म्हणाले. "अरे, नारळ तरंगणारच! नारळीपुनवेला समुद्रात टाकतोस तो काय होतो? वस्तूची घनता..."

"समुद्र परत करतो, मास्तर! आसरा ठेवून घेतात!" भगत गरजला. त्याच्या अंगात वारं बरोबर बाराच्या ठोक्याला यायचं. मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ होतं. "घनता म्हणे! कुठल्या गावची बाई ती?"

गर्दी हसली. घनता तिथंच बुडाली.

"मास्तर, तुम्ही गप बसा ना," गुणाजी म्हणाला. "एकच पोरगी आहे मला. बाया कोपल्या तर मी काय करू?" आणि तो नंदाला घेऊन घोट्याभर पाण्यात उतरला. पायाखाली शेवाळ होतं. मास्तरांनी मागून त्याचा सदरा मुठीत धरून ठेवला.

भगताने टोपलीच्या तळातून एक नारळ काढला, त्याला कुंकू फासलं. "आजीच्या हातनं सोडा. हा बुडाला की ताप बुडाला. मग पोर पाण्यात. मानाचा नारळ आहे म्हातारे, गुमान सोड."

गुणाजीची आई सुंदराबाई पुढे आली. मालवणहून येऊन तिने लालबागेत तीस वर्षं गिरणीवाल्यांची खानावळ चालवली होती. नारळ हातात पडला तसा हात आपोआप कानाशी गेला. तिने नारळ हलवला. मग परत हलवला.

"ह्येच्यात पाणी नाय रे."

"बाया पाणी प्याल्या!" भगत क्षणात म्हणाला. "अर्धा स्वीकार झालाच, म्हातारे!"

सुंदराबाईने नारळ तळहातावर तोलला. "पाणी प्याले तर हलको होवक व्हयो. ह्यो पाट्यावानी जड कसो?"

"देवाचं काम आहे ते! तुला काय कळतंय?"

"माका शिकवतंस? जलम गेलो माझो नारळ फोडण्यात!"

सगळ्यात जवळचा दगड आसरांचा, शेंदूर फासलेला होता. कुणी "अगो आये" म्हणेपर्यंत तिने नारळ त्याच्यावरच आपटला. पाणी उडालं नाही. फुटक्या कवटीतून ओली खडी खाली सांडली, घरंगळत घरंगळत पाण्यात गेली.

मास्तरांनी वाकून कवटी उचलली. शेंडीखालचा डोळा टोचून पाणी काढलेलं, आत खडी ठासलेली, भोक मेणाने बुजवून वर शेंडी दाबलेली.

"बघा. टोपलीत वर साधे नारळ, तळाला भरलेले," ते म्हणाले. "ज्याला घाबरवायचं त्याला वरचा, ज्याला खूश करायचं त्याला तळातला. कोण कोपलं ते तळं ठरवत नाही, भगताचा हात ठरवतो."

"विटाळला! जागा विटाळली!" भगत ओरडला खरा, पण पाय मागे मागे जात होते. त्याला कुणी अडवलं नाही, मारलंही नाही. एकाने घरून आणलेला नारळ पाण्यात फेकला. तरंगला. दुसऱ्याने फेकला. तरंगला. लोक त्या नारळांकडे बघत राहिले. आपण आजवर कशाला भीत होतो, हे त्यांना त्या घटकेला सांगता आलं नसतं.

गुणाजी तसाच पाण्यात उभा होता. "मागे ये रे झिला," सुंदराबाई म्हणाली. तेव्हा कुठे तो वळला आणि पळत सुटला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई संतापल्या. "गोळ्या कुणी बंद केल्या?"

भगताचं नाव सगळ्यांच्या ओठावर होतं. गुणाजी म्हणाला, "मी केल्या."

एकोणीस दिवसांनी नंदा स्वतःच्या पायांनी घरी आली. पुढच्या अवसेला गुणाजी खाणीच्या वाटेवर उभा राहिला, कारण टोपली घेऊन दुसरा भगत येणार, हे मास्तरांइतकंच त्यालाही ठाऊक होतं. येणाऱ्या प्रत्येकाला तो थांबवायचा.

"नारळ सोडायचा तर सोडा, मी अडवत नाही. पण हातात आला की हलवून बघा, शंका आली तर फोडून बघा. विचारलं म्हणून कोपेल तो देव कसला? आणि कोपलाच, तर माझं नाव सांगा त्याला, गुणाजी परब. पोराचं औषध तेवढं थांबवू नका."