चंद्रघंटेचा मुक्काम वाढला

नवरात्राच्या पहिल्या दिवशी सकाळी मला कळलं की आमच्याकडे एक देवी कमी आहे.

आमच्याकडे म्हणजे बुधवार पेठेत, वायरी आणि रिमोट विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथे आम्ही सहा जण पंचांगाचं ॲप चालवत होतो. मी वर्ध्याहून फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून पुण्याला आले होते. मुलाखतीत माझं मराठी शुद्ध निघालं, म्हणून मला सण-उत्सव विभाग देण्यात आला. शुक्रवारी माझं प्रोबेशन संपणार होतं. त्यानंतर मी पुण्यात राहणार की वर्ध्याला परत जाणार, ते सौमित्र सर ठरवणार होते. ॲप त्यांचं होतं.

विभागातलं सगळ्यात चालणारं पान म्हणजे ‘नवरंग’. रोज एक देवी, एक रंग आणि त्या रंगाचा आध्यात्मिक अर्थ. पान पहाटे बदलायचं आणि शहरभर इस्त्र्या तापायच्या. अर्थ माझ्या आधीच्या कोणीतरी लिहून ठेवले होते, आणि ते रंगाला चिकटवलेले होते, देवीला नाही. त्यामुळे आदल्या वर्षी कात्यायनीला मिळालेला लाल या वर्षी ब्रह्मचारिणीकडे आला, तो ‘रौद्र, शत्रुसंहारक’ हा अर्थ घेऊनच. बिचारी हातात जपमाळ घेऊन तप करत होती आणि आमच्या पानावर शत्रूंचा संहारही करत होती.

गुरुवारचं पान मात्र कोरं होतं. त्या वर्षी तृतीया बुधवारी आणि गुरुवारी, अशी लागोपाठ दोन दिवस होती. नऊ रात्रींना दहा दिवस लागणार होते आणि आमच्या यादीत ओळी नऊच होत्या. यादी पाठवणारे ज्योतिषी मुलीकडे न्यूजर्सीला गेले होते, आणि नातवंडं त्यांना फोन घेऊ देत नव्हती.

मी सौमित्र सरांना सांगितलं.

“दहा दिवस, नऊ देवी,” ते म्हणाले. “म्हणजे एक रिसोर्स शॉर्ट आहे.”

“सर, देवी पुरेशा आहेत. दिवस जास्त आहे.”

“तेच ते. तू दहावी शोध.”

“दहावी नाहीये सर.”

“अगं, तेहतीस कोटी आहेत म्हणे. त्यातली एक मिळणार नाही?”

मंगळवारी ते खुशीत होते. त्यांच्या केबिनमध्ये एक गृहस्थ मांडीवर साड्यांची पिशवी घेऊन बसले होते. गोपाळकृष्णशेठ, लक्ष्मी रोडवरचे साड्यांचे व्यापारी.

“रंग मिळाला,” सर म्हणाले. “आमसुली.”

“कुठे मिळाला?”

“माझ्या गोदामात,” शेठ प्रामाणिकपणे म्हणाले. त्यांनी एक साडी काढून टेबलावर पसरली. भिजवलेल्या आमसुलांसारखा रंग, जांभळाही नाही आणि तपकिरीही नाही. “गठ्ठेच्या गठ्ठे पडून आहेत हो ताई. माल उत्तम. फक्त बायका म्हणतात, हा रंग कशाला नेसायचा? तेवढं ‘कशाला’ ते तुम्ही लिहायचं.”

“शेठ आपल्याला जाहिरात देतायत,” सर म्हणाले. “तू देवी आणि अर्थ दे. उद्या पाचला पान तयार हवं. शुक्रवारी तुझं कन्फर्मेशन बघू.”

‘बघू’ हा शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारला.

संध्याकाळी मी सदाशिव पेठेत खोलीवर आले. श्यामलाकाकूंकडे मी पेइंग गेस्ट होते. काकू महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झाल्या होत्या. तिथे तक्रारीचा फोन त्या घ्यायच्या, आणि फोन घेण्याची ती पद्धत त्यांची अजून सुटली नव्हती. लाल साडी नेसून त्या देवासाठी वाती वळत बसल्या होत्या.

“काय करून राहिलीस?” त्यांनी विचारलं. माझी वऱ्हाडी त्या मलाच ऐकवायच्या. ते कौतुक होतं की टोमणा, याचा निष्कर्ष माझ्या हाती अजून आला नव्हता.

“आमसुली रंगाची देवी शोधतेय.”

“त्यात शोधायचं काय? पित्तशामिनी. चार हात. एका हातात सोलकढीचा पेला.”

“काकू, चेष्टा नको. नोकरी जाईल माझी.”

“मग लिही की काहीतरी. एवढे अर्थ आहेत तुमच्या पानावर, ते काय कोणी हिमालयातून आणलेत?”

“बाकीचे दुसऱ्याने लिहिलेत. हा मला लिहायचाय. उद्या कोणी विचारलं, कशावरून, तर मी काय सांगू?”

काकूंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मी विचारलं, “खरंच सांगा, तृतीया दोन दिवस आली तर दुसऱ्या दिवशी देवी कोणती?”

“कोणती म्हणजे? तीच. चंद्रघंटा. माहेरवाशीण एक दिवस जास्त राहिली, तर दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या नावाने हाक मारतेस का?”

“आणि रंग?”

“आमच्या आईकडे रंग नव्हतेच. दिवस वाढला की माळ वाढायची. साडी धुतलेली असावी, एवढाच नियम.”

“मग तुम्ही रोज आमच्या रंगाची का नेसता?”

काकूंच्या हातातली वात अर्धवट राहिली. “अगं, नोकरीला आपली एक ठरलेली साडी असते. चांगल्या सगळ्या वरच्या फळीवर. समारंभाला काढू म्हणून ठेवायच्या, आणि समारंभाला गेलं की वाटतं, एवढी कशाला? आता रोज कोणीतरी दटावतं की हिरवी काढ, पिवळी काढ. मग स्टुलावर चढून हात वर जातो. आपल्या मनाने कोण चढतंय?”

हा अर्थ आमच्या कुठल्याच रंगापुढे नव्हता.

बुधवारी दुपारभर मी पित्तशामिनीची दोन वाक्यं लिहायचा प्रयत्न केला. ‘आमसुली रंग अंतरीच्या दाहाचे शमन करतो.’ वाक्य बरं झालं होतं. फार बरं झालं होतं. गुरुवारी सकाळी ते हजारो बायकांनी एकमेकींना पाठवलं असतं आणि पुढच्या वर्षी ते शास्त्र झालं असतं. मी ते खोडलं. पाचला पान तयार झालं ते असं:

‘आजही तृतीया आहे. म्हणून देवी कालचीच, चंद्रघंटा. तिचा मुक्काम एक दिवसाने वाढला आहे. आजच्या दिवसाला ठरलेला रंग नाही. वर्षभर कपाटातून न निघालेली एखादी साडी आज नेसावी.’

खाली ‘जाहिरात’ असं ठळक लिहून शेठच्या आमसुली साड्यांचा फोटो टाकला. सर पिंपरीला मीटिंगला गेले होते. मी बटण दाबलं आणि घरी येऊन बॅग कुठे ठेवलीय ते पाहून ठेवलं.

गुरुवारी उजाडताच माझा फोन सुरू झाला. पानाच्या तळाशी ‘मदतीसाठी’ म्हणून दिलेला नंबर माझाच होता, कारण वेगळा नंबर सरांना परवडत नव्हता.

पहिला फोन विश्रांतवाडीच्या शालूताईंचा. “मॅडम, आमच्याकडं आज रंग आलाच नाही.”

“ताई, कोणाकडेच नाही आलाय.”

“मग कधी येईल?”

काकूंनी सहज हात पुढे करून फोन घेतला. “नमस्कार. आज गुरुवार. तुमच्या भागात आज रंग येणार नाही. घरात साठवलेला वापरावा.” आणि ठेवला.

पुढचे फोन त्यांनीच घेतले. कमी दाबाने येईल का, असं मात्र कोणी विचारलं नाही.

आठ वाजता सौमित्र सर जिना चढून आले. माझा फोन सतत एंगेज होता म्हणून स्वतः आले होते. चपला काढता काढताच म्हणाले, “पूर्णिमा, पान बदल. आत्ताच्या आत्ता. शेठ ओरडतायत. नाहीतर उद्या येऊ नकोस.”

मी लॅपटॉप उघडला. “देवी कोणती टाकू सर? आणि अर्थ काय लिहू? तुम्ही सांगा, मी टाइप करते.”

ते विचार करू लागले, तेवढ्यात फोन वाजला. “साहेब आलेत,” काकू फोनमध्ये म्हणाल्या, “त्यांनाच विचारा,” आणि फोन सरांच्या हातात दिला.

परत शालूताईच होत्या. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. सर म्हणाले, “ताई, आजचा रंग आमसुली.”

“का हो?”

“शुभ असतो.”

“कशाला शुभ?”

“मनःशांतीला.”

“ती तर काल निळ्यानं झाली.”

सरांनी घाम पुसला. “आरोग्याला.”

“आणि देवी कुठली?”

काकूंनी शांतपणे वात वळली. “पित्तशामिनी सांगा,” त्या पुटपुटल्या.

आजवर अर्थ सरांनी वाचलेही नव्हते. आज पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने सांगायची वेळ आली होती. “देवी... कालचीच आहे ताई,” ते म्हणाले. “तुम्ही आवडेल ती साडी नेसा.”

“आवडेल ती?” शालूताई घाबरल्या. “असं कसं? तुम्ही सांगा की.”

सरांनी फोनवर हात ठेवला. “यांना काय सांगू?”

“पान वाचा,” मी म्हटलं.

त्यांनी वाचून दाखवलं. पलीकडे कपाटाचं दार कुरकुरलं. “एक हाय,” शालूताई हळूच म्हणाल्या. “लग्नातली. पण तिला फॉल लावला नाही अजून.”

सरांनी मला खुणेने विचारलं, फॉल म्हणजे काय? मी सांगेपर्यंत शालूताईंनी स्वतःच ठरवलं की आज तशीच नेसू, आणि फोन ठेवला.

काकूंनी चहा आणला. सर कप हातात घेऊन म्हणाले, “तुला सण नकोत. तू सूर्योदय-सूर्यास्त घे. तिथे का म्हणून कोणी विचारत नाही.”

“म्हणजे उद्या यायचं?”

“सोमवारपासून तिकडे. कन्फर्म.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “आणि आजचं पान राहू दे. शेठला मी बघतो.”

फोन पुन्हा वाजला. मी हात पुढे केला, पण तो सरांनी आधीच उचलला होता.

“नाही ताई,” ते म्हणत होते, “डाग असला तरी चालेल. निऱ्यांमध्ये जाईल ना तो?”