अष्टमीचं उधाण

माझी सून वर्षाली पानं गाळते. विचारलं तर नाही म्हणते, पण गाळते. वाचता वाचता थांबते, घसा खाकरते, दोन पानं एकदम उलटते आणि मग तिचा आवाज शाळेत बाईंसमोर उभ्या केलेल्या मुलीसारखा होतो. मी दुसरीतून शाळा सोडलेली बाई, पण चाळीस वर्षं वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे विकलेत. ह्या गोदूबाईपासून कोणी काय लपवलं तर तिला ते वासावरून कळतं.

पाय मोडला नसता तर ही वेळच आली नसती. जेटीवर घसरले, मांडीपर्यंत प्लास्टर झालं, डॉक्टर म्हणाला दीड महिना हलायचं नाही. माजघरातल्या खाटेवरून मला दिसतं काय, तर शेजाऱ्यांची भिंत आणि तिच्यावरून दोन माडांचे शेंडे. होड्या आलेल्या ऐकू येतात, दिसत नाहीत. टीव्ही लावून बघितला. त्यातल्या बायका दिवसाला चार साड्या बदलतात, भांडण मात्र तेच. बंद करायला लावला.

बाजारातली माझी जागा गेली का, म्हणून मुलाला विचारलं. निलेश म्हणाला, "शेवंतीमावशी थंय कोणाक बसाक देणा नाय. तुझ्या जाग्यार आपली माशांची पाटी उलटी करून ठेवता."

ही शेवंती माझी तीस वर्षांची वैरीण. गिऱ्हाईक तोडण्यावरून आम्ही भर बाजारात एकमेकींच्या झिंज्या धरल्यात. तिने माझी जागा का राखावी? त्या दिवशी जेवण तेवढं गेलं नाही.

चौथ्या दिवशी वर्षालीने एक वही काढली. "आये, मैत्रिणीन एका पुस्तकातली गोष्ट उतरून दिल्यान हा. वाचू?"

वाच म्हटलं. नाहीतरी मी कुठे पळून जाणार होते?

गोष्टीत दोन बायका. दोघी आपापल्या जलदुर्गाच्या मालकिणी. तेजाळीने सगळे वारे वेणीत गाठी मारून बांधलेले, नीलांगीने समुद्र शंखात कोंडलेला. हिने वारा अडवला की तिची गलबतं जागच्या जागी, तिने पाणी ओढलं की हिची गाळात. सात वर्षं असं चाललेलं. आणि शिव्या काय देतात एकमेकींना! दोन तर मी पाठ करून ठेवल्या, शेवंतीसाठी. मी पहिल्या दिवसापासून नीलांगीच्या बाजूची. रोज जेवणं आटोपली की वर्षाली भांडी घासायची आणि मी खाटेवरून ओरडायचे, "पुरे गो ती भांडी, नीलांगीचा काय झाला?"

मग लढता लढता दोघींच्या होड्या खडकावर फुटल्या. वाळूचा एवढासा पट्टा, चारी बाजूंनी पाणी, आणि त्यावर या दोघी अडकलेल्या. बघायला फक्त एकमेकींची तोंडं. मला ते चांगलंच कळलं. तेजाळीचा हात मोडला होता. सुटकेला गलबत यायचं तर वारा मोकळा करायला हवा, त्यासाठी वेणी सोडायला हवी, आणि सोडायला हात होते फक्त वैरिणीचे.

नीलांगी तिच्या मागे बसली. म्हणाली, "सगळे वारे एकदम सुटले तर?"

तेजाळी म्हणाली, "तर मला धरून ठेव."

बाई गं! माझा पाय प्लास्टरात आहे हेच मी विसरले. मानेवरून कुणाची तरी बोटं फिरल्यासारखं झालं. "वाच, वाच!" मी म्हटलं.

आणि नेमकी तिथे वर्षाली थांबली. घसा खाकरला. पानं उलटली.

"अष्टमीच्या दुपारी मोठं उधाण आलं. त्यात नीलांगी बुडाली. तेजाळी घरी परतली आणि तिने एका राजपुत्राशी लग्न केलं. संपली गोष्ट."

मी विचारलं,

"खंयच्या अष्टमीक उधाण येता गो?"

"म्हणजे?"

ही वालावलची, भातशेतीवाल्यांची लेक. लग्नाला दोन वर्षं झाली, पण समुद्राशी हिची ओळख नाही. आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं, उधाण पुनवेला आणि अवसेला. अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे सगळ्यात लहान, पाणी वर चढायलाच तयार नसतं. त्यात कोंबडी बुडायची नाही, आणि ही शंखात समुद्र घेऊन फिरणारी बाई बुडवते!

"वही हय आण."

तिने वही छातीशी धरली. ती खाटेपासून तीन हातांवर, आणि मी उताण्या कासवासारखी पडलेली. ती दारातून निघून गेली असती तर मी काय केलं असतं? पण तीही कुठे जाणार? दाराबाहेर पडवी, पडवीबाहेर माझंच अंगण.

शेवटी तिने आणून दिली. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. 'तिला धरून ठेवलं' एवढं लागलं. 'ओठ' लागलं. बुडाल्याचं कुठेच नव्हतं. आणि अक्षर ओळखीचं होतं. लोणच्याच्या बरण्यांवर वर्षालीने चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर तेच अक्षर आहे.

"मैत्रिणीन उतरल्यान काय?"

"नाय," ती पायाशी बसून रडायला लागली. "मीच लिवलंय, आये. तुमका कळला तर माका म्हायेराक धाडशात, म्हणान बुडवलंय तिका. चुलीत घालतंय वही. ह्यांका सांगू नका."

खरंच उठली, वही ओढायला लागली. मी वही उशीखाली घातली आणि वर डोकं ठेवलं. प्लास्टरातल्या बाईला एवढं जमतं. उलटी ठेवलेली पाटी मनात आली, का ते मला विचारू नये.

मग मी तिला सांगितलं, "डोळे पूस आणि ऐक. खोटा वाचलंस, ता चुकलंस. लिवलंस त्यात काय चूक नाय. अष्टमीक कोण बुडणा नाय, म्हणान नीलांगी जिती आसा, आणि तो राजपुत्र गेलो खड्ड्यात. आता गाळलेली पाना पयल्यापासून वाच. एक जरी ओळ सोडलंस, तर ह्याच प्लास्टरान हाणीन!"