आधी इडेला गायची

अँब्रोज टुलियरला बायकोचा चेहरा आठवायचा, तिचे हात आठवायचे, तिच्या रविवारच्या टोपीवरचं जांभळं फूलसुद्धा आठवायचं. आवाज मात्र आठवेना. इडेलाला जाऊन उणेपुरे सात महिने झाले होते. ज्या माणसानं जन्मभर आवाजांवर पोट भरलं, त्याच्या कानातून नेमका हाच एक आवाज निसटत चालला होता. याला काय म्हणावं?

त्यात सोमवारी लेक नेडीन लाल घेवड्याचं पातेलं घेऊन आली आणि जाता जाता बोलून गेली, "अर्ध्या न्यू ऑर्लिन्सचे आवाज तुम्ही तबकड्यांत भरून ठेवलेत, बाबा. आमच्या आईचाच तेवढा राहिला."

नेडीनच्या जिभेला हाड नव्हतं, पण ती खोटं बोलली नव्हती. अँब्रोजला त्या दिवशी घास गोड लागला नाही.

तसा तो मूळचा गायक. दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या वर्षांत बँडपुढे उभा राहून असा घसा मोकळा सोडायचा की नाचणारे नाच सोडून ऐकत राहायचे. त्या गाण्यांना तेव्हा धड नावही नव्हतं. दुःखाचं म्हणावं तर पाय थांबत नाहीत, नाचाचं म्हणावं तर डोळ्यांत पाणी. पुढे पेपरवाल्यांनी त्यांचं 'रिदम अँड ब्लूज' असं बारसं केलं. अठ्ठेचाळीस साली त्याची एक तबकडी इतकी चालली की ह्यूस्टनपासून मोबिलपर्यंत खाणावळीखाणावळीतल्या गाण्याच्या पेटीत लोक नाणं टाकून तीच लावायचे. दोन वर्षं स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते. पिवळे बूट घालून चर्चला जायचा, म्हणजे बघा! मग घशात गाठ झाली. डॉक्टरनं ती कापली आणि तिच्याबरोबर गाणंही गेलं. दुसरा कोणी दारूत बुडाला असता. अँब्रोज दुसऱ्यांकडून गाऊन घ्यायला लागला, आणि खरं सांगायचं तर त्यात तो स्वतःच्या गाण्यापेक्षा सरस निघाला.

विटो स्कार्डिनोच्या लाँड्रीमागे तबकड्या भरायची एक खोली होती. तिथं एकच माइक, एक पियानो आणि उकाडा. कोणी माइकजवळ उभं राहायचं, कोणी दाराशी, हे अँब्रोज ठरवायचा. ते ठरेपर्यंत तास-दोन तास कोणाला तरी गात राहावं लागे. ते काम इडेलाचं. नवं गाणं आलं की आधी इडेला गायची. वाजवणारे एरवी कुरकुरे, पण ती माइकपुढे आली की पाठी ताठ करून बसत. तिचं गाणं फितीवर भरायचं, मग ती फीत त्या गाण्याच्या गायिकेला ऐकवायची, "अस्सं म्हण" म्हणून सांगायचं, आणि ती शिकली की अँब्रोज स्वतःच्या हातानं फीत पुसून टाकायचा.

का, तर इडेला पाद्र्याची मुलगी. तिच्या वडिलांच्या चर्चमध्ये नियम होता की जी बाई असली गाणी तबकडीवर गाईल तिनं कॉयरचा, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्यांचा, झगा उतरवून ठेवायचा. इडेलाला तो झगा जिवापलीकडे प्रिय. तिनं त्यातूनही वाट काढली होती. ती म्हणायची, "हवेत गायलेलं देव मनावर घेत नाही, अँब्रोज. फितीवर राहिलं तर मात्र बाबांच्या कानावर जाईल." त्यानं शब्द दिला होता, एकही फीत राहणार नाही. आयुष्यात बरेच शब्द त्यानं मोडले. हा एवढा पाळला.

मंगळवारी तो विटोकडे गेला. लाँड्री केव्हाच बंद झाली होती. विटो मागच्या खोलीत टोमॅटोची रोपं लावून बसला होता.

"एखादी तरी राहिली असेल, विटो. एखादं रीळ. कोपऱ्यात."

"कोपऱ्यात माझी म्हातारपणाची कंबर राहिलीये, ती घेऊन जा." विटोनं झारी खाली ठेवली. "अरे, मी किती वेळा सांगितलं तुला? एक ठेव, एक ठेव. तू म्हणायचास, शब्द दिलाय. मोठा हरिश्चंद्र!"

"हो, दिला होता."

"मग आता भोग." विटो बोलून गेला आणि लगेच त्यालाच वाईट वाटलं. त्यानं मित्रासाठी खुर्ची ओढली. "हे बघ. इडेला ऐकायचीय ना? लिओटाची तबकडी लाव. ती पोरगी शब्दागणिक इडेला आहे. तूच केलीस तशी."

घरी जाऊन अँब्रोजनं कपाटातून लिओटाची तबकडी काढली. 'ताट माझं झाकून ठेव.' बावन्न सालचं गाणं, त्याच्या हातून झालेलं सगळ्यांत मोठं. सूर सुरू झाले आणि त्याच्या अंगावर काटा आला. तिसऱ्या ओळीआधी गिळलेला श्वास इडेलाचा. 'घर' या शब्दावर आधी खाली घसरून मग वर चढणं इडेलाचं. शेवटचा शब्द अर्धवट सोडणं, स्वयंपाकघरातून कोणी हाक मारल्यासारखं, तेही तिचंच. त्यानं तबकडी पुन्हा लावली, मग तिसऱ्यांदा. पण तिसऱ्यांदा त्याला फक्त सतरा वर्षांच्या मुलीचा बारीक गळा ऐकू आला. वर ट्रम्पेटांचा गोंगाट. इडेला आली तशी निघून गेली.

मग त्याच्या मनात आलं, लिओटा आता शेहेचाळीसची असेल. गळा जाड झाला असेल, इडेलासारखा. आणि इडेलानं ते गाणं तिला स्वयंपाकघरात, वाद्यांशिवाय, संथ लयीत शिकवलं होतं. तेव्हा अँब्रोज विटोच्या खोलीत होता. ते गाणं तसं ऐकलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं.

शनिवारी सकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि होडी पकडून नदीपलीकडच्या अल्जियर्स वस्तीत गेला. लिओटा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. सुट्टी असल्यानं घरापुढच्या सोप्यावर बसून ती कोलंबी सोलत होती. चांगली भरली होती अंगानं. त्याला पाहून ती उठली नाही.

"या, मिस्टर अँब्रोज. इडेलाबाईंच्या मयताला मी आले होते. तुम्ही बघितलं नाहीत."

"त्या दिवशी मी कोणालाच बघितलं नाही, पोरी."

तो बसला. उन्हाळा फार झाला म्हणाला. मग कोलंबी महागली का म्हणाला. नदीला पाणी फार आहे म्हणाला. लिओटानं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"ताकाला येऊन भांडं का लपवताय? एकोणतीस वर्षांत तुम्ही नदी ओलांडली नाहीत. काय हवंय?"

"'ताट माझं झाकून ठेव' म्हण. इडेलानं शिकवलं तसं. वाद्यांशिवाय. मला तिचा आवाज आठवत नाही गं. रात्रंदिवस आठवून बघतोय, आठवत नाही. तुझ्याकडे आहे. तू जपून ठेवला असशील."

लिओटाचे हात थांबले. तिच्या चेहऱ्यावर दया आली आणि तिच्या पाठोपाठ राग.

"जपून ठेवला? काढून टाकता येईना म्हणून राहिला. तुमच्याकडे चार तबकड्या केल्या. प्रत्येक वेळी जरा मनासारखं म्हटलं की तुमचा हात वर! 'थांब. इडेलानं कसं म्हटलं?' मग शिकागोला गेले. तिथले साहेब म्हणाले, बाई, आवाज चांगला आहे, पण कोणाचा आहे? काय सांगणार होते मी त्यांना? दोन वर्षांत परत आले आणि शाळेत भाताची पातेली ढवळायला लागले."

अँब्रोजला हे ठाऊक नव्हतं. खरं तर ठाऊक होतं, पण त्यानं त्याकडे कधी बघितलं नव्हतं. आपण या पोरीला नाव मिळवून दिलं, असंच तो आजवर सगळ्यांना सांगत आला होता.

"तिला राग होता का गं माझा?" त्यानं विचारलं. "इडेलाला?"

"त्यांना? छे! त्यांनी मला ते गाणं दोनदा शिकवलं, माहितीये? आधी स्वतःचं शिकवलं. मग म्हणाल्या, हे पाठ झालं ना? आता विसर आणि तुझं म्हण. मी म्हटलं. भेंडी चिरत होत्या, सुरी खाली टाकली आणि असं टेबल बडवलं की वाटी पडली. म्हणाल्या, उद्या अँब्रोजपुढे हेच म्हण. त्याला कळेल. गाणाऱ्याच्या जातीचा आहे तो." लिओटानं एक कोलंबी उचलली आणि तशीच परत ठेवली. "दुसऱ्या दिवशी दोन ओळी म्हटल्या मी. दोनच. तुमचा हात वर गेला."

समोरच्या घरातून कोणीतरी पोरांना जेवायला हाका मारत होतं.

"जा म्हणालीस तर जातो," अँब्रोज म्हणाला.

"बसा." तिनं पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले. "त्यांच्यासाठी म्हणते. तुमच्यासाठी नाही."

तिनं डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. 'ताट माझं झाकून ठेव, उशीर होईल यायला.'

इडेला. सोप्यावर, हातभर अंतरावर, इडेला होती. तोच जाड, किंचित घोगरा आवाज, सकाळी चुलीपाशी असायचा तसा. दुसऱ्या ओळीला अँब्रोज हुंदका देऊन रडला. लाजला नाही. तिसऱ्या ओळीआधी तो श्वास आला आणि त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. पुढचा शब्द 'घर' होता. सात महिने तो या एका शब्दासाठी जगला होता.

लिओटानं 'घर' वरूनच घेतलं. ती घसरली नाही, चढली नाही. तो शब्द तिनं सरळ, मोठ्यानं, उघड्या गळ्यानं टाकला आणि तिथंच ठाण मांडून बसली. आवाज बदलला. तो आता तिचा होता आणि अँब्रोजनं तो कधीच ऐकला नव्हता.

त्याचा उजवा हात खुर्चीवरून सुटला आणि आपोआप वर गेला.

लिओटानं डोळे उघडले. हात बघितला. गात राहिली.

इडेला गेली होती. आता ती पुन्हा येणार नव्हती, हे त्याला कळलं. या मुलीला तिच्या मनासारखं गाऊ दिलं असतं तर काय झालं असतं, हेही ऐकता ऐकता त्याला कळत गेलं, आणि ते ऐकवत नव्हतं, इतकं चांगलं होतं. त्यानं हात खाली घेतला, मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसून राहिला. लिओटानं गाणं शेवटच्या शब्दापर्यंत पुरं म्हटलं.