हरणीचं वय

बायनाबाईच्या राजनंदिनीची थोरली लेक पहिलीत बसली त्या वर्षीच्या आषाढात, एका सकाळी बायनाबाई गोठ्याच्या दारात बसून हरणीच्या तोंडाला तव्याची काजळी चोळत होती. हरणी कारवानी कुत्री. लांब पाय, बारीक कंबर. तोंड मूळचं काळं, आता पांढरं पडलेलं. काजळीत गोडं तेल होतं, त्यामुळं हरणी ती चाटून टाकायची आणि पुन्हा लावावी लागायची.

"माय, चाटू देऊ नको तिला," बजरंग ओट्यावरून म्हणाला. "तपासणीचे साहेब पिंगळीच्या फाट्यावर आलेत."

"मंग ये, तूच लाव. तुलाच हौस लय, म्हातारीला नवरी करायची."

लेक हसला. मोटारसायकलवरून पडल्यापासून त्याला शेतात वाकता येत नव्हतं. कारवानी पिल्लं विकून घर चालत होतं. पिल्लं विकायची तर सरकारात नोंद लागते, आणि जागा आईच्या नावावर, म्हणून नोंदही तिच्याच नावावर.

"वय इचारलं तर पाच सांग. आठाच्या वर गेली की गाभण करू देत न्हाईत. वालूरच्या पाहुण्याला पिल्लांचा शब्द दिलाय मी."

"मागच्या खेपेला दोन दिवस उठली न्हाई ती."

"तिसऱ्या दिवशी उठली ना पर?"

बायनाबाईनं बोटं पदराला पुसली.

साहेब आले. त्यांनी कुत्र्यांच्या जागा पाहिल्या, पाण्याची भांडी पाहिली, नोंदवही चाळली. मग हरणीपुढं उकिडवे बसून तिचा ओठ वर केला, दात पाहिले. बोट काळं झालं. ते त्यांनी रुमालाला पुसलं.

"किती वर्षांची?"

"पाच," बजरंग म्हणाला.

"नोंद आजींच्या नावावर आहे. त्यांना सांगू द्या."

"पाच," बायनाबाई म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

मांडणीवर चार तांबे होते. पुढच्यावर ठेवलेला हात तिनं काढून घेतला आणि मागचा ओढला. राजनंदिनीच्या लग्नात मामानं दिलेला. साठीनंतर गावातल्या वर्गात शिकलेली अक्षरं तिनं घरी याच तांब्यावर बोट फिरवून पक्की केली होती. त्यावर काय कोरलंय ते तिला डोळे मिटूनही वाचता आलं असतं. पण वाचणारा साहेब होता. तिला तोंड उघडावं लागणार नव्हतं.

साहेब पाणी प्याले. तांब्या खाली ठेवता ठेवता थांबले.

"राजनंदिनी कोण?"

"लेक माही. ताडकळसला दिली."

"आणि ही कुत्री कुठून आणली?"

"तिच्याच लग्नात. व्याह्यानं पिल्लू दिलं होतं."

बजरंगनं ओट्याच्या खांबाला हात लावला. साहेबांनी तांब्या फिरवून तारीख वाचली. वीस एप्रिल, दोन हजार सोळा.

"आजी," ते हळू आवाजात म्हणाले, "वय पुन्हा एकदा सांगा. तुम्ही सांगाल ते मी लिहीन. नऊ म्हणालात तर हिला पुन्हा गाभण करता येणार नाही. पण वहीत पाच लिहिलंय. खोट्या नोंदीबद्दल तुमची नोंदणीही जाईल."

आत सुनेचं भाकरी थापणं थांबलं. बजरंग आईकडं बघत नव्हता. एक हात खांबाला, एक कमरेला लावून तो अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत होता. हरणी येऊन बायनाबाईच्या पायावर हनुवटी टेकून पडली. पाय गरम झाला.

"ती हिची माय," बायनाबाई म्हणाली.

"कोण?"

"लग्नात आलेली. ती मेली. ही तिची लेक. पाचच वर्षांची हाय."

साहेबांनी हरणीकडं एकदा पाहिलं. मग लिहिलं, आणि कागद पुढं केला.

"सही येते का अंगठा?"

"येते की."

पाय न हलवता ती पुढं वाकली. नावातलं एकेक अक्षर तिनं सावकाश, सुटं सुटं काढलं.

"बघा साहेब," बजरंग मोठ्यानं म्हणाला, "माह्या मायचं अक्षर माह्यापरीस चांगलं हाय."

हरणी त्याच वर्षी मार्गशीर्षात, वद्य चतुर्थीला, पिल्लू आडवं येऊन मेली. तिला नऊ वर्षं पुरी झाली होती.