मुदत नसलेला कायदा

शिंप्याची मुलगी जन्मापासून बहिरी. बहिऱ्या मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात शाळा असलीच पाहिजे, असा कायदा होऊन वर्षं लोटली होती. या जिल्ह्यात मात्र वीटसुद्धा हलली नव्हती. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून झाले, तेव्हा शिंप्याने उच्च न्यायालय गाठलं.

खटला दोन न्यायाधीशांपुढे आला. थोरले निवृत्तीला टेकलेले. धडाडीच्या निकालांना ते हमखास आवर घालत, म्हणून सगळं कोर्ट त्यांना माघारी ‘ब्रेकसाहेब’ म्हणायचं. धाकट्या म्हणजे बाई.

“शाळा कधी काढायची हा सरकारचा प्रश्न,” सरकारी वकील म्हणाले. “कायद्यात मुदत नाही.”

मागच्या बाकावर ती मुलगी प्रत्येकाच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. बाईंचं लक्ष तिच्याकडेच होतं.

त्यांनी तडाखेबंद निकाल लिहून काढला. अमुक रिकामी इमारत घ्या, इतके शिक्षक नेमा, बाकं अशी हवीत. कागद घेऊन त्या थोरल्यांच्या दालनात गेल्या.

थोरल्यांनी वाचून चष्मा काढला. “बाई, हा निकाल आहे, की नव्या सुनेने आल्या आल्या स्वयंपाकघराचा घेतलेला ताबा?”

बाईंना नको असताना हसू आलं.

“उद्या मास्तर रजेवर गेला तर बदली मास्तर आपण धाडायचा? आपल्याला कुणी निवडून दिलेलं नाही.”

“ज्यांना दिलंय त्यांनीच हा कायदा केलाय, सर. मी पदरचं काही घालत नाहीये.”

“त्यात मुदत नाही.”

“मुदत नाही म्हणजे कधीच नाही, असं म्हणायचं? मग कायदा आपणच मोडीत काढल्यासारखं झालं. तोही आगाऊपणाच की!”

थोरल्यांनी कागद परत सरकवला. मग म्हणाले, “काटछाट करा. नाही पटलं तर मी वेगळा निकाल लिहीन.”

“लिहा, सर. शाळेचा आदेश मी मागे घेणार नाही.”

इमारत गेली, बाकं गेली. एकेक ओळ खोडताना बाईंचा जीव वरखाली होत होता. उरलं ते एवढंच: शाळा कुठे, कशी, ते सरकारने ठरवावं, पण तारीख शपथेवर सांगावी, आणि दार उघडेपर्यंत दर सुनावणीला शिक्षण खात्याच्या सचिवांनी स्वतः उभं राहावं.

थोरल्यांनी दोनदा वाचलं आणि सही केली. “ब्रेक लावायला जागाच ठेवली नाहीत!”

सचिव आधी सबबी घेऊन आले, मग नकाशा घेऊन, मग आठ्या घेऊन. ‘कोर्ट राज्य चालवतंय’ अशी वर्तमानपत्रांत ओरड झाली. बाई तसूभर हलल्या नाहीत. दर वेळी एकच: “तारीख सांगा.” अखेर जुन्या गोदामाशेजारी दोन खोल्यांत शाळा उघडली.

शेवटच्या सुनावणीला शिंपी उठला. “बाईसाहेब, शाळा फार लांब पडते. बसचाही हुकूम द्या ना.”

द्यावासा बाईंना फार वाटला.

“बसचं कायद्यात नाही,” त्या म्हणाल्या. “ते मला देता येणार नाही. तुम्ही ज्यांना मत दिलंत, त्यांच्याकडे मागा.”

“ते ऐकतात कुठे?”

“एकट्याचं नाही ऐकत. सगळे आईबाप मिळून जा.”

शिंप्याचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा बाईंना दिवसभर टोचत राहिला, तरी त्यांनी शब्द फिरवला नाही.

पुढच्या आठवड्यात कोर्टाकडे जाताना बाईंची गाडी लोकप्रतिनिधीच्या घरासमोर अडली. फाटकापाशी आईबापांची ही गर्दी! खुणांनी बोलणाऱ्या मुलांचे हात भराभर हलत होते आणि शिंपी आतल्या माणसाला ठणकावत होता, “साहेब बाहेर येईपर्यंत आम्ही इथून हलत नाही!”