हलका झालेला रथ

देवळाचा रथ यंदा हलका झाला म्हणून अख्खं गाव खुशीत होतं. काळजीत होता तो एकटा सडैयन. चालत्या चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडाची पाचर, सरकवून रथ थांबवायचं काम त्याच्या घराण्याकडे होतं. सुतारांनी कुजकं लाकूड काढून रथाचं वजन निम्म्यावर आणलं होतं. दोर ओढणारी माणसं मात्र तेवढीच, दोनशे.

"निम्म्यांना दोर सोडायला सांगा, ऐया," तो विश्वस्त चोक्कलिंगमना म्हणाला. "ओढ तेवढीच नि वजन निम्मं, म्हणजे रथ दुप्पट झपाट्यानं वेग धरणार. मोगरी घालायला मला सवड कुठली?"

"देवाचा दोर सोड म्हणून कुणाला सांगू? तूच नाव सांग. म्हातारा झालास, तर तसं कबूल कर की."

लोक हसले. तेवढ्यात शिट्टी वाजली.

दरवर्षी रथ आधी कण्हायचा, मग हलायचा. आज तो उधळल्या बैलासारखा सुटला. पहिल्या कोपऱ्यावर सडैयनने मोगरी टाकली, तोवर चाक पुढे निघून गेलं होतं. दुसरी त्याने धावत, जवळजवळ आडवं पडून घातली. कोपऱ्यावरच्या फूलवालीच्या घराच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर रथ थांबला.

"निम्म्यांनी दोर सोडा," चोक्कलिंगम ओरडले.

दोनशे माणसांनी शेजारच्याकडे पाहिलं. सडैयनने चोक्कलिंगमच्या हाताकडे पाहिलं. तो हातही दोरावरच होता.

अजून तीन कोपरे बाकी होते.